गॅरंटी पायरीपर्यंत

आमच्या घरात ‘नवीन’ हा शब्द दोनच वस्तूंसाठी राखून ठेवला होता. एक भिंतीवरचं कॅलेंडर आणि दुसरी लक्ष्मीपूजनाची केरसुणी. बाकी सगळं कोणाच्या तरी अंगावरून, हातावरून किंवा बुडाखालून आलेलं. स्वेटर आत्येभावाचा, सायकल मामाची, पाठ्यपुस्तकं गल्लीतल्या एक वर्ष पुढच्या पोराची. इतिहासाच्या पुस्तकात त्या पोराने जागोजागी पेन्सिलीने ‘म. प्र.’ लिहून ठेवलं होतं. महत्त्वाचे प्रश्न! मी वर्षभर तेवढेच घोकले. परीक्षेत त्यातला एकही आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की तो पोरगा इतिहासातच नापास झाला होता, आणि आता माझ्या शेजारच्या बाकावर बसून माझ्याच पुस्तकात डोकावत होता.

वापरलेल्या वस्तूबरोबर वापरणाऱ्याचं नशीबही घरात येतं, हा धडा मी तेव्हाच घ्यायला हवा होता. पण इतिहासापासून मी कधी काही शिकलो नाही. मी व्हिडिओ गेमकडे वळलो.

साल १९९४. बाबा रेल्वेत. त्यांच्या ऑफिसातल्या एका काकांची बदली भुसावळला झाली आणि त्यांनी अजनीच्या क्वार्टरमधल्या तीन वस्तू विकायला काढल्या: कूलर, लाकडी दिवाण आणि मुलाचा टीव्ही गेम. आई बाबांना घेऊन कूलरसाठी गेली. नागपुरात माणूस मेमध्ये पोरीच्या लग्नाला नाही म्हणेल, पण जुन्या कूलरला नाही म्हणणार नाही. कूलर आदल्या दिवशीच गेला होता. रिकाम्या हाताने परतणं बरं दिसत नाही म्हणून बाबांनी टीव्ही गेम उचलला. अशा रीतीने गारवा आणायला गेलेले आईबाबा घरात आग घेऊन आले.

त्या काळी समुराई, लिटल मास्टर अशा नावांचे टीव्ही गेम मध्यमवर्गात शिरले होते. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं, त्याचीच ही भावकी. आमच्या डब्यावरचं नाव पुसून गेलं होतं, त्यामुळे त्याचं कूळ कळायला मार्ग नव्हता. दोन रिमोट होते. एकाचं उजवीकडचं बटण दाबलेलंच राहायचं, म्हणजे तो रिमोट ज्याच्या हाती लागे त्याचा हिरो जन्मभर उजवीकडे धावे. अॅडॉप्टर इतका तापायचा, की त्यावर ओलं फडकं ठेवावं लागे. आणि कॅसेट नव्हती. आपला खेळ विकला जातोय हे पाहून काकांच्या मुलाने ती कुठंतरी दडवली होती. त्याला मार बसला, पण त्याने तोंड उघडलं नाही. त्या अनोळखी पोराबद्दल मला आजही आदर आहे.

कॅसेटसाठी पैसे हवे होते, आणि ते नागपूरच्या पोराला वर्षातून एकदाच मानाने मिळतात, तान्ह्या पोळ्याला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काळी आणि पिवळी मारबत निघते. सारं शहर रस्त्यावर येऊन रोगराई, महागाई आणि नावडते पुढारी यांना तिच्याबरोबर हाकलून देतं. संध्याकाळी पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार फिरतात आणि बोजारा गोळा करतात. आमचा नंदीही ताईकडून आलेला, एका शिंगाचा. पण मोडक्या शिंगाचा फायदा असतो. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘‘काय झालं रे बाप्पा याच्या शिंगाले?’’ आणि पाचाच्या जागी सात रुपये दिले. त्या वर्षी बोजारा जमला सत्त्याण्णव रुपये.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन बर्डीच्या एका गल्लीतल्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण ते अजून आहे. काउंटरच्या काचेखाली जुन्या कॅसेट्स भज्यांसारख्या रचलेल्या. दुकानदाराने एक उचलली, फुंकली, शर्टावर पुसली, पुन्हा फुंकली आणि टीव्हीला जोडलेल्या यंत्रात खुपसली. पडद्यावर समुद्रकिनारा आला, पक्षी उडाले, गाणं वाजू लागलं. नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर, तो नव्वद रुपयांत दारी आला होता.

‘‘चालू हाये न भाऊ,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘गॅरंटी?’’ बाबांनी विचारलं.

‘‘हाये न.’’

‘‘किती दिवसाची?’’

त्याने बोटाने दाखवलं. ‘‘त्या पायरीपर्यंत.’’

पुढे तीस वर्षं मी या देशात पुष्कळ करारपत्रं वाचली. घराची, गाडीची, विम्याची. इतक्या कमी शब्दांत इतकं खरं बोलणारं एकही आढळलं नाही.

कॅसेटवर लिहिलं होतं ‘९९९९९९९ इन १’. एक कमी एक कोटी गेम! बाबांनी विजेच्या बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. एका गेमला पाच मिनिटं धरली, तरी जेवणखाण आणि झोप सोडून सगळे खेळायला पंच्याण्णव वर्षं लागणार होती. ‘‘म्हणजे दहावीपर्यंत आटपत नाही हे,’’ ते गंभीरपणे म्हणाले.

दुपारपर्यंत आटपलं. गेम होते सात. एक नंबरला मारिओ होता. आठ नंबरला ‘सुपर मारिओ’, म्हणजे तोच मारिओ, फक्त दुसऱ्या राउंडपासून. पंधरा नंबरला तिसऱ्या राउंडपासून. बाविसाव्याला त्याचं नाव बदललेलं होतं, मिशी तीच. पुढे तर नावंही संपली होती, नुसते आकडे चालले होते. माझा चेहरा पडला. बाबा मात्र प्रसन्न झाले. ‘‘याले म्हणतात जुळवाजुळव,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या वार्षिक अहवालात अशीच करतो आम्ही.’’

सेकंडहँड गेमचा पहिला अपेक्षाभंग असा सात भागिले एक कोटी इतका होता. पण त्या सातांत काय नव्हतं! रणगाड्यांचा खेळ होता, ज्यात विटांच्या भिंती फोडत शत्रूला अडवायचं आणि आपल्या गरुडाचं रक्षण करायचं. त्यात ताई आणि मी एका बाजूने लढत असू. पहिल्या मिनिटाला ती मला चुकून गोळी घालायची, दुसऱ्या मिनिटाला मी तिला मुद्दाम, आणि तिसऱ्या मिनिटाला शत्रू निवांत येऊन गरुड घेऊन जायचा. भाऊबंदकीचा इतिहास मला पुस्तकातून कळला नव्हता, तो इथे कळला.

आणि मारिओ होता. तो १९८५ सालचा, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. एकूण बत्तीस टप्पे, आठ किल्ले. दर किल्ल्याच्या शेवटी राक्षसाला पाडावं, आणि समोर उभ्या असलेल्या छत्रीवाल्या बुटक्याने सांगावं, की राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. सात वेळा! बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. ‘‘सरकारी काम दिसून राहिलं,’’ ते म्हणाले. ‘‘टेबल नंबर चारवर जा म्हणते.’’ आठव्या किल्ल्यापर्यंत मी महिनाभराने पोचलो. तिथे आग होती, हातोडे होते, आणि राजकन्या खरोखर होती. मी उडी मारली, आणि वीज गेली. त्या कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. वीज आली तेव्हा मारिओ पहिल्या टप्प्यावर ताजातवाना उभा होता. त्याला काहीच आठवत नव्हतं, मला सगळं आठवत होतं. पुढच्या वर्षीच्या मारबतीला माझी मागणी तयार होती.

कॅसेट अडली की फुंकायची, ही विद्या कुणी शिकवली देव जाणे, पण मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळ्या पोरांना ती येत होती. खुद्द निन्टेंडोने पुढे सांगितलं, की बाबांनो फुंकू नका, तोंडाच्या ओलाव्याने धातूचे दात गंजतात. कॅसेट चालायची ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा घातल्याने. हे मला चाळिशीत कळलं. तोवर मी एक पिढी गंजवून बसलो होतो. पण तेव्हा फुंकरीचं शास्त्र होतं. डावीकडून उजवीकडे एक, मग दोन छोट्या, मग डोळे मिटून खुपसायची. ताई फुंकताना ‘चालू दे रे बाप्पा’ पुटपुटायची. मेच्या दुपारी, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, तिच्या त्या फुंकरीएवढी गार हवा घरात दुसरी नसे.

दुकानात अदलाबदली चालायची. जुनी कॅसेट द्या, वर वीस रुपये ठेवा, दुसरी न्या. एकदा मी वर कॉन्ट्राचं चित्र असलेली कॅसेट आणली. दोन उघडेबंब वीर, हातात बंदुका, मागे स्फोट. घरी लावली तर पडद्यावर बर्फ, आणि बर्फावर एक पेंग्विन धावतोय. मी चॅनेल फिरवून पाहिलं, कॅसेट उलटी करून पाहिली. पेंग्विन धावतच होता. दुकानात परत गेलो, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘‘काहून? चालत नाही का?’’

‘‘चालते, पण पेंग्विन आहे.’’

‘‘मंग चालते न. स्टिकरची गॅरंटी आपण देत नाही.’’

त्या दिवशी मी रडलो. आणि मग त्या पेंग्विनवर माझा जीव जडला. कोनामी कंपनीचा तो अंटार्क्टिकाचा खेळ. एका देशाच्या ठाण्यावरून निघायचं, फटी ओलांडायच्या, मासे पकडायचे, सील चुकवायचे आणि वेळेत दुसऱ्या ठाण्यावर पोचायचं. पोचलं, की त्या देशाचा झेंडा चढतो. ना बंदूक, ना राक्षस. मी भूगोलाच्या पुस्तकातला अंटार्क्टिकाचा नकाशा काढून ठाणी शोधू लागलो. भारताचं ‘दक्षिण गंगोत्री’ ठाणं साधारण हा खेळ बनला त्याच सुमारास, १९८३-८४ च्या मोहिमेत, उभं राहिलं होतं. म्हणून मी प्रत्येक झेंड्याला श्वास रोखून बघायचो. तिरंगा काही चढला नाही. पण आमच्या घरात हातून निसटलेल्या कूलरची उणीव त्या उन्हाळ्यात त्या पेंग्विननेच भरून काढली.

आणखी एक अदलाबदल स्मरणात आहे. बंदूक. तिच्याबरोबर बदकं मारायचा गेम मिळाला. मी झाडली, नेम हुकला. ताईने झाडली, हुकला. बाबांनी एक डोळा मिटून, सोफ्याच्या आडून, सैनिकासारखी झाडली आणि बदकाऐवजी कुत्रा हसला. तो कुत्रा फार वाईट हसतो. आम्ही एकमताने ठरवलं, की बंदूक बिघडलेली आहे, सेकंडहँडच ती. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. हाताला कणीक, पदर खोचलेला. तिने बंदूक उचलली, मनगटाने केस मागे सारले आणि दहापैकी दहा बदकं पाडली. मग बंदूक टेबलावर ठेवून म्हणाली, ‘‘झालं? पोळ्या थंड होऊन राहिल्या.’’

अकरा वर्षं एका घरात राहून मला आपली आई माहीत नव्हती. ती बंदूक प्रकाश बघणारी असते, हे नंतर वाचलं. घोडा दाबला, की पडदा पापणी लवते तेवढा वेळ काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या डोळ्याला तो दिसला, तर बदक मेलं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच हे जमतं. नव्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, आणि बंदूक आंधळी होते. म्हणजे त्या दिवसाचा पुनःप्रयोग आता शक्य नाही. आईही विचारल्यावर म्हणते, ‘‘मी? काहीतरीच!’’

खरी कॉन्ट्रा पुढच्या दिवाळीत मिळाली, आणि तिच्याबरोबर एक सेकंडहँड मंत्रही. वर्गातल्या एका पोराने दोन समोशांच्या बदल्यात तो मला शाळेच्या नळापाशी कानात सांगितला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तिनाऐवजी तीस जीव मिळतात! काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी प्रोग्रामरने आपल्याच एका अवघड खेळाची चाचणी घेताना स्वतःला सोपं जावं म्हणून ही चावी करून ठेवली होती. ती तशीच राहून गेली आणि जगभर पसरली. मी घरी मंत्र म्हणून दाखवला, तेव्हा बाबांचं लक्ष शेवटच्या दोन अक्षरांकडे गेलं. ‘‘बी. ए. मी पण केलं,’’ ते म्हणाले. ‘‘एकच जीव मिळाला, तोही हप्त्यांवर.’’

मोठा झालो, नोकरीला लागलो, लग्न झालं, आणि अंगात सेकंडहँडपणा मुरला. एव्हाना मला या बाजाराचं पंचांग कळलं होतं. जुन्या गाडीबद्दल विचारतात ना, ‘का विकता?’ आणि उत्तर ठरलेलं असतं, की एका डॉक्टरची आहे, फक्त रविवारी चालवायचे. तसं गेमच्या बाजारात एकच उत्तर असतं: ‘पोरगा दहावीत गेला.’ मे-जून आला, की घराघरातून गेम बाहेर पडतात आणि बर्डीच्या काउंटरवर ढीग लागतो. भाव कोसळतात. मार्चअखेर परीक्षा संपली, की तेच आईबाप तेच गेम परत घ्यायला येतात. तेव्हा भाव चढतात. म्हणून शहाण्याने जूनमध्ये घ्यावं. शेअर बाजारात लोक कंपन्यांचे ताळेबंद बघतात, आमच्या बाजारात शिक्षण मंडळाचं वेळापत्रक पुरतं.

२०११ च्या जूनमध्ये मी प्लेस्टेशन टू घेतला. यंत्र मुळात २००० सालचं, जगात पंधरा कोटींहून जास्त विकलं गेलेलं. दुकानदाराने विचारलं, ‘‘कोणासाठी?’’ मी म्हणालो, ‘‘मुलासाठी.’’ खोटं नव्हतं. मुलगा एक वर्षाचा होता.

यंत्राबरोबर पाच चकत्या आल्या. दोन चालल्या, दोन अडखळल्या आणि एकीवर टीव्हीचा पडदा लाल झाला. बायको म्हणाली, ‘‘टूथपेस्ट लाव.’’ मला वाटलं चिडवते आहे. पण हा खरंच सर्वमान्य इलाज. चकती वाचली जाते ती खालच्या पारदर्शक थरातून. त्यावरचा बारीक ओरखडा हलक्या हाताने घासला, तर सपाट होऊ शकतो. सीडीच्या वरच्या, चित्राच्या बाजूला चरा पडला, तर मात्र माहितीचा पापुद्राच जातो, मग अमृत लावलं तरी व्यर्थ. मी पुदिन्याची पेस्ट लावून, आतून बाहेर, आतून बाहेर, असे तिन्ही चकत्यांचे दात घासले. दोन बऱ्या झाल्या. तिसरी लागली नाही, पण तिचा वास मात्र फार ताजा येत राहिला.

बऱ्या झालेल्यांतली एक होती ‘देसी अड्डा’. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीने बनवलेली, आपल्याकडच्या मैदानी खेळांची. कबड्डी, पतंग आणि विटीदांडू! मी कपाळाला हात लावला. १९९४ साली ज्या टीव्ही गेमपायी मी विटीदांडू सोडला, आई ‘बाहेर जाऊन खेळ रे’ म्हणून ओरडून थकली, तोच विटीदांडू सतरा वर्षांनी टीव्ही गेममध्ये माझी वाट बघत बसला होता. मी खेळलो. विटी उडाली नाही. खऱ्या मैदानातही माझी कधी उडाली नव्हती. बनवणाऱ्यांनी काम चोख केलं होतं.

मधल्या काळात जगातल्या कंपन्यांच्या लक्षात आलं, की आमच्यासारखे लोक उष्ट्यावर जगताहेत. २०१० च्या सुमाराला काहींनी नव्या डब्यात एकदाच वापरता येणारा सांकेतिक क्रमांक घालायला सुरुवात केली. पहिल्या मालकाने तो वापरला, की दुसऱ्याने इंटरनेटवर खेळायचे वेगळे पैसे मोजायचे. मला एका डब्यात असा कागद मिळाला, आणि क्षणभर वाटलं लॉटरी लागली. वापरलेला निघाला. त्यावर आधीच्या मालकाने धोब्याचा हिशेब मात्र लिहिला होता, चार शर्ट, दोन पँट. २०१३ च्या मेमध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्समध्ये जुन्या गेमच्या देवघेवीवर बंधनं येणार म्हणून सांगितलं. असा गहजब झाला, की जूनमध्ये त्यांनी ते मागे घेतलं. त्याच जूनमध्ये सोनीने एक चिमुकली चित्रफीत काढली, ‘आमच्या यंत्रावर गेम कसा उसना द्यायचा’. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबा देतो. दुसरा थँक यू म्हणतो. चित्रफीत संपली. सारं जग टाळ्या वाजवून हसलं. आमच्या गल्लीत हे शिक्षण पहिलीच्या आधी पुरं होतं.

अपेक्षाभंगाचीही किंमत येते म्हणतात. अटारी कंपनीने १९८२ साली एका गाजलेल्या सिनेमावरून ई. टी. नावाचा गेम काढला. तो इतका पडला, की पुढच्या वर्षी कंपनीने न खपलेला माल अमेरिकेतल्या अलामोगोर्डो गावच्या कचराडेपोत पुरला. २०१४ साली लोकांनी तो उकरून काढला. काही कॅसेट लिलावात गेल्या, एक तर थेट स्मिथसोनियन संग्रहालयात! हे वाचल्यापासून भांडेवाडीच्या डेपोवरून जाताना मी अदबीने बघतो. माझी अर्धी कॅसेट-संपत्ती तिथे आहे. आईने एका दिवाळीच्या आवराआवरीत पाठवलेली.

पण मला सांगायचं आहे ते मेमरी कार्डाबद्दल.

त्या प्लेस्टेशनबरोबर एक कार्ड आलं, आठ एमबीचं, काडेपेटीएवढं. खेळ जपून ठेवायची ही वही. दुकानदाराने ते पुसलं नव्हतं. उघडलं, तर आत एक क्रिकेटचा सामना निघाला. कसोटी, चौथा डाव, भारताला जिंकायला ४१ धावा हव्यात, दोन विकेट शिल्लक. जपून ठेवल्याची तारीख २५ जून २००८, रात्री ११ वाजून ४७ मिनिटं. मी कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. २६ जून, शाळेचा पहिला दिवस. तो पोरगा दहावीत गेला होता! रात्री पावणेबाराला कोणीतरी दारातून ओरडलं असणार, ‘‘बंद कर बे ते, उद्यापासून दहावी आहे!’’ आणि त्याने, वाद न घालता, सामना जपून ठेवला. वर्षभरानं परत येऊ म्हणून.

आला नाही. यंत्र विकलं गेलं. आता तो बहुतेक पुण्यात असेल. आमच्याकडची हुशार पोरं पुण्याला जातात आणि तिथून फोनवर, इथे तर्री पोहे मिळत नाहीत, एवढंच सांगतात.

मी तो सामना खेळलो. दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा, मग झेल, संपलं. घाबरून मी यंत्रच बंद केलं. पुन्हा लावलं, तर सामना होता तिथेच होता: ४१ धावा, दोन विकेट. मला हायसं वाटलं. मग सवयच लागली. दर वर्षी जूनमध्ये एकदोनदा तो सामना काढायचा, हरायचा आणि न जपता बंद करायचा. गेल्या चौदा वर्षांत मी तो एकवीस वेळा हरलो. तो पोरगा एकदाही हरलेला नाही.

आणि एकदा मी जिंकलो. २०२० च्या टाळेबंदीत, शेवटच्या जोडीने, चौकार मारून. मी सोफ्यावर उडी मारली. पडद्यावर यंत्राने विचारलं, जपून ठेवायचं का? दोन मिनिटं मी अंगठा बटणावर ठेवून बसलो. मागून मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, सेव्ह करा न.’’ मी यंत्र बंद केलं. ‘‘काहून?’’ तो किंचाळला. काय सांगणार त्याला? मॅच माझी नव्हती.

यंदा मुलगा दहावीत गेला. घरातली गेमची वस्तू बाहेर काढणं ओघाने आलं. पण त्याच्या नव्या यंत्राला चकतीची फटच नाही. सगळे गेम डाउनलोडचे, त्याच्या खात्याला बांधलेले. ते विकता येत नाहीत, उसने देता येत नाहीत, त्यांना वास नाही, ओरखडा नाही, कोणाचा धोब्याचा हिशेब नाही. तेव्हा घरात शिस्त आली हे दिसण्यापुरता बळी माझ्या प्लेस्टेशन टूचा ठरला. पिशवी घेऊन मी बर्डीला गेलो. दुकानात आता त्या दुकानदाराचा मुलगा बसतो. त्याने चकत्या उजेडात धरून पाहिल्या, एक नाकाशी नेली आणि चक्रावला.

‘‘चालू हाये का?’’

‘‘चालू हाये न भाऊ,’’ मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच नवल वाटलं.

त्याने कार्ड लावलं. ‘‘हे मोकळं करून घेतो.’’

‘‘नको. त्यात एक मॅच आहे. अर्धी.’’

‘‘तुमच्या पोराची?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग कोणाची?’’

‘‘माहीत नाही.’’

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बर्डीत धंदा करणारा माणूस असा सहसा गप्प राहत नाही. मग म्हणाला, ‘‘भरलेल्या कार्डाचे पन्नास रुपये कमी लागतील.’’

‘‘कमी करा.’’

त्याने पैसे मोजून दिले, यंत्र काउंटरखाली सरकवलं आणि सहज विचारलं, ‘‘गॅरंटी?’’

‘‘पायरीपर्यंत,’’ मी म्हणालो आणि उतरलो.